रुग्ण क्रमांक एक

आमची ही गेली त्याला अकरा महिने झाले. महापालिकेने तिच्यावर एक पान छापलं. ती कुठे शिकली, कोणत्या साली कोणत्या पदावर आली, किती वर्षं शहराची आरोग्यप्रमुख होती, हे सगळं त्यात बरोबर आहे. मध्येच एक ओळ आहे : 'बर्फ कारखान्याचे प्रकरण त्यांनी कौशल्याने हाताळले.' ती ओळ मी तीनदा वाचली. त्या प्रकरणात तिची खुर्ची जायची वेळ आली होती, आणि ती वेळ आणणारा माणूस मी होतो. छापणाऱ्यांना हे माहीत नसेल, किंवा माहीत असून त्यांनी माझी लाज राखली असेल. पण लाज राखून घ्यायचं माझं वय आता राहिलं नाही, म्हणून सांगतो.

मी पाणीपुरवठ्यात पंप फिटर होतो. ही वॉर्डाची डॉक्टर असताना एका गल्लीत कावीळ पसरली. नळाच्या पाइपात गटाराचं पाणी शिरतंय असं तिचं म्हणणं. कुठे शिरतंय ते शोधायला मला पाठवलं. तिने सांगितलं तिथे मी खणलं, काही निघालं नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा खणलं, तिथेही काही नाही. तिसऱ्यांदा मी म्हटलं, बाई, आता मी सांगतो तिथे खणू. तिथे पाइप सापडला, चाळणीसारखा झालेला. ती खड्ड्यात उतरून माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही आधी का नाही बोललात?" पुढे तीस वर्षं हा प्रश्न मला घरात ऐकायला मिळाला.

आमच्या लग्नात तिने स्वयंपाक्याला नखं कापायला घरी परत पाठवलं. पंगत दीड तास उशिरा बसली. माझी थोरली बहीण, जिला आम्ही ताई म्हणतो, ती ही गोष्ट कधी विसरली नाही. ताई शाळेची मुख्याध्यापिका. तिच्या आयुष्यात उशीर हा एकच गुन्हा होता.

गावाने हिला 'झाकणबाई' नाव ठेवलं होतं. कुठल्याही इमारतीत गेली की जिना चढून आधी गच्चीवर, आणि टाकीपाशी उभी राहून पहिला प्रश्न, "झाकण कुठंय?" रसाच्या गाडीवर, हॉटेलात, दवाखान्यात, तोच प्रश्न. ती लांबून येताना दिसली की गाडीवाले एकमेकांना नुसती हाताने खूण करायचे, पालथा पंजा हवेत दाबून. आरोग्यप्रमुख झाली त्या दिवशी अभिनंदनाचा चहा आला, म्हणून ती चहा कुठे होतो ते बघायला मुख्यालयाच्या कँटीनमध्ये गेली आणि कँटीनच बंद करून आली. अकरा दिवस कुणाला चहा मिळाला नाही. चार हजार कर्मचारी त्या अकरा दिवसांत तिच्याबद्दल जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. डासांच्या वर्षी तिने महापौरांच्या बागेतल्या कारंज्यातून पेलाभर पाणी काढलं आणि आत वळवळणाऱ्या अळ्यांसकट तो पेला सभेत त्यांच्यासमोर ठेवला. महापौरांना वाटलं प्यायला दिलंय. ते उचलणारच होते.

तर अशी ही बाई. आणि तिच्या कामातली एक गोष्ट अशी होती की ती घरी यायची. म्हणजे तिचं काम घरी यायचं, बाटल्यांत आणि डब्यांत. कार्यालयातला फ्रीज बंद पडला होता आणि त्याच्या दुरुस्तीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर दोन वर्षं फिरत होता. प्रयोगशाळा शनिवारी दुपारी बंद व्हायची. मग शनिवारी दुपारनंतर घेतलेला नमुना सोमवारपर्यंत आमच्या फ्रीजमध्ये. त्यावर लाल चिकटपट्टी, पट्टीवर नंबर आणि तिची सही. लाल पट्टी असलेल्या वस्तूला हात लावायचा नाही हा घरातला कायदा. मी तो कधी मोडला नाही. मोडला नाही म्हणूनच घोटाळा झाला.

त्या वर्षी उन्हाळ्यात एका वस्तीत माणसं जुलाबाने पडायला लागली. आठवड्यात एकोणीस. ही घरोघर फिरली, प्रत्येकाने काय खाल्लं काय प्यालं ते लिहून घेतलं, आणि सगळ्यांच्या यादीत एकच गोष्ट सापडली : शाळेच्या दारातल्या गाड्यांवरचं थंड. त्या गाड्यांना बर्फ एकाच कारखान्यातून जायचा. कारखान्याचा मालक सभापतींचा मेव्हणा. हिला ते माहीत होतं, आणि मला खात्री आहे की त्यामुळे ती तिथे अर्धा तास लवकरच पोचली असेल. शनिवारी दुपारी तिने कारखान्याला टाळं लावलं आणि बर्फाचे तुकडे उकळून घेतलेल्या स्टीलच्या डब्यात भरून घरी आणले. डबा आमच्याच स्वयंपाकघरातला. एकाच मापाचे सहा डबे आम्ही घेतले होते, त्यातला एक.

रविवारी ती सात वाजताच रुग्णांकडे गेली. दुपारी ताई, दाजी आणि भाची जेवायला येणार होती. हिला वेळ नाही म्हणून स्वयंपाक माझ्याकडे. मी आदल्या रात्रीच सरबतासाठी नळाच्या पाण्याचा बर्फ करून, वेळेवर शोधाशोध नको म्हणून तसल्याच एका डब्यात काढून ठेवला होता. नऊच्या सुमारास वीज गेली, ती तासभर आली नाही. फ्रीजमधून पाणी ठिबकायला लागलं. मी सगळं होतं तसंच ओळीने बाहेर काढलं, पुसलं, आणि वरचा कप्पा पुसताना खाली लाल पट्टी पडलेली दिसली. ओल धरून सुटली होती.

समोर दोन डबे, दोन्हींत बर्फ, वितळून एकसारखाच झालेला. आता पट्टी कुठल्या डब्याची? मला पक्कं आठवत होतं की तिने डबा डावीकडे ठेवला होता. पक्कं म्हणजे अगदी पक्कं. मी पट्टी पुसली, वाळवली, आणि डावीकडच्या डब्यावर अशी चिकटवली की पुन्हा सुटायचं नाव नको. मी फिटर आहे, माझं काम गळत नाही. हिला सांगायचं मनात आलं होतं, पण ती दमून येणार, त्यात हे कशाला. ती रात्री आली तेव्हाही मी ते सांगितलं नाही.

दुपारी सरबत छान झालं होतं. ताईने दोन ग्लास घेतले आणि म्हणाली, चला, या घरात काहीतरी वेळेवर थंड मिळालं. भाचीने एक घेतला, मी एक. दाजींना दातांमुळे गार सोसत नाही, त्यांनी बिनबर्फाचं घेतलं. जेवले मात्र ते सगळ्यांच्या दुप्पट.

मंगळवारी पहाटे मला सुरू झालं. किती आणि कसं ते सोडून द्या. हिने विचारलं, रविवारपासून काय खाल्लं? मी भात सांगितला, भाजी सांगितली, ताईने आणलेली खीर तर दोनदा सांगितली, कारण संशय मला खिरीवर होता. बर्फ नाही सांगितला. बर्फ म्हणजे काय खाणं झालं? तिने मीठ-साखरेचं पाणी करून दिलं आणि कामावर गेली. तिकडे भाचीचा फोन आला की तीही पडून आहे. ताईचा फोन आला की तिला काहीही झालेलं नाही, फक्त ऊन लागलंय, आणि माझ्या हातची भाजी नीट शिजली नव्हती.

गुरुवारी प्रयोगशाळेचा अहवाल आला. बर्फ स्वच्छ. पिण्यास योग्य.

कारखान्याच्या मालकाने अहवालाची प्रत मोठी करून फाटकावर लावली. सभापतींनी आयुक्तांना पत्र लिहिलं की एका प्रामाणिक उद्योजकाची बदनामी झाली आहे. आयुक्तांनी हिला नोटीस दिली : पुढच्या गुरुवारी सुनावणी, कारखाना कोणत्या आधारावर बंद केला याचा खुलासा करावा. खुलासा पटला नाही तर तिला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसवणार हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. जन्माचे आणि मृत्यूचे दाखले द्यायचे. मधल्या भागाशी संबंध संपला.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. टेबलाशी अहवाल पुढे घेऊन बसली होती. म्हणाली, "माझंच चुकलं असेल." हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला ते मुळीच आवडलं नाही. तिला बरं वाटावं म्हणून मी तिच्या शेजारी बसून अहवाल बघायला लागलो. त्यातलं जंतूंचं मला काही कळत नाही. खाली एक ओळ पाण्याच्या कठीणपणाची होती. आकडा होता ऐंशी.

हा आकडा मी ओळखतो. पाणी जड की हलकं हे त्यावरून कळतं, आणि ऐंशी हे आमच्या टाकीचं पाणी. आमच्या पंपघराच्या फळ्यावर तो आकडा खडूने लिहिलेला असतो, वीस वर्षं रोज सकाळी मी त्याच्याखाली डबा खायला बसलोय. कारखाना बोअरच्या पाण्यावर चालतो. त्या भागातलं बोअरचं पाणी सहाशेच्या खाली नसतं, त्यात किटलीसुद्धा वर्षभर टिकत नाही.

मी म्हटलं, "हा त्यांचा बर्फ नाही. हे आपल्या नळाचं पाणी आहे."

ती माझ्याकडे बघायला लागली. मला माझं वाक्य माझ्याच कानात ऐकू आलं. आणि मग डावीकडचा डबा, उजवीकडचा डबा, पट्टी, सरबत, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढे आलं. खरं सांगतो, गप्प बसायचा विचार एक क्षणभर आला होता. आकड्यावरून ती स्वतःच काहीतरी शोधेल, माझं नाव येणार नाही, असं वाटलं. पण ती 'माझंच चुकलं असेल' म्हणाली होती. मी सगळं सांगून टाकलं.

ती ओरडेल म्हणून मी थांबलो. ती उठली, पिशवीतून छापील फॉर्म काढला, चष्मा लावला आणि माझ्यासमोर बसली.

"नाव सांगा."

"अगं, माझं नाव तुला माहीत नाही का?"

"रुग्णाने स्वतः सांगायचं असतं."

मी नाव सांगितलं. वय सांगितलं. व्यवसाय सांगितला. तिने वर लिहिलं : रुग्ण क्रमांक एक. मग विचारलं, किती वेळा, केव्हापासून, ताप होता का, आणि प्रत्येक उत्तर तिने त्या एकोणीस जणांचं लिहिलं होतं त्याच अक्षरात लिहिलं. शेवटी म्हणाली, "सरबत आणखी कुणी घेतलं?"

मी ताईचं नाव घेतलं. तिचा पेन थांबला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ताईकडे गेलो. हिच्या पिशवीत तपासणीच्या छोट्या बाटल्या होत्या. माझी आणि भाचीची बाटली आधीच गेली होती, आता ताईची हवी होती. कारखान्यातला बर्फ केव्हाच वितळून गेला होता, आणि दोन ग्लास तिनेच घेतले होते, तिच्यासारखा पुरावा दुसरा नव्हता. हिने बाटली कशासाठी हवी ते शांतपणे समजावलं. ताईने ते पुन्हा समजावून घेतलं, म्हणजे आपण नीट ऐकलं ना याची खात्री केली, आणि मग सांगितलं की तिला ऊन लागलं होतं. आतून दाजी म्हणाले की ऊन लागलेलं माणूस वर्तमानपत्र घेऊन संडासात दोन-दोन तास बसत नाही, बुधवारचं वर्तमानपत्र त्यांना शुक्रवारी मिळालं. ताईने त्यांना बाहेर बोलावलं नाही, नुसतं दार लावून घेतलं.

मग माझ्याकडे वळली. चाळीस वर्षं शिकवलं, एक दिवस रजा नाही, आता या वयात महापालिकेच्या कागदावर हे छापून येणार का, असं तिचं म्हणणं होतं. हिला उद्देशून म्हणाली की लग्नाच्या दिवसापासून तू आमच्या माणसांना तपासतेच आहेस, आता हेच काय ते राहिलं होतं.

हिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुमच्याशिवाय माझी बाजू उभी राहत नाही. मी हरले तर माझी बदली होईल, ते एक जाऊ द्या. पण कारखाना दुसऱ्या दिवशी सुरू होईल. तो बर्फ शाळेच्या दारातच जातो."

ताईने विचारलं, कुठल्या शाळेच्या.

"तुमच्याच."

ताईने हात पुढे केला, बाटली घेतली, उजेडात धरून बघितली. "याचं झाकण घट्ट बसतं का?" एवढं विचारून ती आत गेली.

सुनावणी आयुक्तांच्या दालनात झाली. आयुक्त, सभापती, कारखान्याचा मालक आणि त्याचा वकील. एका बाजूला आम्ही : ही, मी, भाची, दाजी आणि ताई. सुरू व्हायच्या आधी सभापतींनी हिला बाजूला घेतलं. फार गोड बोलले. टाळं आजच काढा, नोटीस आम्ही मागे घेतो, घरात काय झालं ते घरातच राहू द्या, यजमानांची उगाच शोभा कशाला. मी तिच्याकडे बघत होतो. माझी शोभा वाचवायची संधी तिच्यापुढे आयती चालून आली होती. ती म्हणाली, त्यांची शोभा फॉर्मवर लिहून झाली आहे.

मग तिने उभं राहून आधी स्वतःची चूक सांगितली. नमुना घरी ठेवायला नको होता, ठेवला. पट्टी नवऱ्याने बदलली, चुकून. प्रयोगशाळेत गेला तो आमच्या घरचा बर्फ, अहवालातला ऐंशीचा आकडाच ते सांगतो, आणि कारखान्याचा बर्फ आम्ही प्यालो. वकील हसला. म्हणाला, म्हणजे नवऱ्याचं पोट बिघडलं म्हणून शहराचा कारखाना बंद ठेवायचा? मालकही हसला. मला वाटलं, झालं, गेली खिडकीवर.

तिने हसू संपेपर्यंत वाट बघितली आणि यादी वाचली. जेवायला चार माणसं. तिघांनी बर्फ घेतला, तिघंही आजारी. एकाने घेतला नाही, तो ठणठणीत. तिघांच्या तपासणीत जो जंतू सापडला तोच वस्तीतल्या एकोणीस जणांच्या तपासणीत. या चौघांपैकी कुणी त्या महिन्यात त्या वस्तीत गेलेलं नाही. वकील म्हणाला, जेवणातून झालं असेल. यावर दाजी उठले आणि आपण काय काय आणि किती किती खाल्लं ते सांगायला लागले. खिरीच्या चौथ्या वाटीला आयुक्तांनी त्यांना बसायला सांगितलं.

वकिलाने शेवटी ताईला गाठलं. आवाज मऊ करून म्हणाला, आजी, या वयात आठवणीत गडबड होते, तुम्हाला खरंच त्रास झाला होता की घरच्यांनी सांगितलं म्हणून तुम्ही आलात?

ताई उभी राहिली. तिला आजी म्हटलेलं आवडत नाही. पर्समधून छोटी वही काढली.

"मंगळवार. पहाटे पाच दहा, पहिल्यांदा. पाच पन्नास, दुसऱ्यांदा. सहा वीस." अशा तिने अकरा वेळा वाचल्या, हजेरी घेतात तशा, प्रत्येक वेळेनंतर वकिलाकडे बघून. अकरावी वाचून झाल्यावर म्हणाली, "बुधवारच्याही आहेत. वाचू?"

आयुक्तांनी नको म्हटलं. त्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला होता तो तसाच खाली ठेवला. मग मालकाला एकच विचारलं, कारखान्याच्या बोअरपासून संडासाची टाकी किती अंतरावर आहे. मालकाने वकिलाकडे बघितलं, वकिलाने सभापतींकडे, आणि सभापतींनी घड्याळाकडे.

बोअर बदलेपर्यंत कारखाना बंदच राहील असा निकाल झाला. नमुना घरी ठेवल्याबद्दल हिला लेखी ताकीद. खुर्ची राहिली. ती पुढे नऊ वर्षं तिच्यावर बसली, बसली म्हणजे काय, बसायची फारशी नाही.

जिना उतरताना ताई हिला सांगत होती की तुझ्या त्या फॉर्मवर वेळेचा रकाना फार अरुंद आहे, अकरा मावत नाहीत. ही म्हणाली, बदलून घेते. दोघी पुढे, आम्ही मागे. इतकी वर्षं त्या दोघींना मी असं शेजारी-शेजारी चालताना बघितलं नव्हतं.

घरी आल्यावर मी तयारीत होतो. त्या संध्याकाळपासून ती मला एका शब्दाने बोलली नव्हती, सुनावणी होऊ दे म्हणून राखून ठेवलंय असा माझा हिशेब होता. तिने चपला काढल्या, पिशवीतून माझा फॉर्म काढला आणि टेबलाशी बसली. म्हणाली, यात एक जागा भरायची राहिली आहे. आठवडाभर मी तुम्हाला रुग्ण म्हणूनच सगळं विचारलं.

मी समोर बसलो.

"अहो, आता पोट कसं आहे?"

मी म्हटलं, बरं आहे. ती लिहायला गेली आणि तिला लिहिता येईना. चष्मा काढून पदराने पुसत राहिली, बराच वेळ, चष्मा स्वच्छ असूनसुद्धा. मग तिने लिहिलं, 'बरा', आणि खाली सही केली.

ती गेल्यापासून येणारं माणूस मला विचारतं, कसे आहात, काही लागलं तर सांगा. चांगली माणसं आहेत. पोट कसं आहे असं कुणी विचारत नाही. ते बरं आहे. जेवण मी स्वतःच करतो, आणि सगळं झाकून ठेवतो.